पोटच्या मुलीची शिफारस

शुगर लँड, १२ जानेवारी १९८६

चि. सुलेखास,

येशूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

तू पाठवलेली झेरॉक्स मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती. पाकीट मी दोनदा झटकून पाहिलं, मग तुझ्या आईनं पाहिलं. आत एकच कागद, माझंच पत्र, आणि त्यातल्या चार ओळींखाली तू मारलेली लाल रेघ. मास्तरांनी पेपर तपासून परत पाठवावा तसा. मार्क तेवढे द्यायचे राहिले.

तुझी फाइल तुला वाचायला मिळते हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी पाळक होऊ पाहणाऱ्याला कमिटी आपल्याबद्दल काय म्हणते ते मरेपर्यंत कळायचं नाही, आणि ते बरंच होतं. असो. तुझ्या कॅरी गावातल्या चर्चच्या कमिटीनं गेल्या ऑगस्टमध्ये मला विचारलं, कारण तू ज्या मंडळीतून तिकडे गेलीस त्या आपल्या इथल्या मराठी मंडळीचा मी पाळक. मी लिहिलं. डिसेंबरात त्यांनी तुझी पाळकपदाची दीक्षा एक वर्ष पुढे ढकलली. आता तू म्हणणार की एकामुळे दुसरं झालं.

मी काय लिहिलं होतं? सुलेखा सर्वसाधारण बुद्धीची आहे, स्वभाव हट्टी आहे, तिच्यात पुष्कळ उणिवा आहेत, एवढ्या मोठ्या सेवेला ती योग्य आहे असं म्हणण्याचं धाडस मला होत नाही. आणि शेवटी, तिला सांभाळून घ्यावं अशी विनंती. यात बापानं लिहू नये असं काय आहे? आपल्यात पोटच्या पोराची तारीफ बाप करत नाही. मी सेमिनरीला निघालो तेव्हा माझ्या बापानं नगरच्या पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली होती: पोरगं अर्धवट आहे, खातं फार, पण पदरात घ्या. साहेब हसले आणि त्यांनी घेतलं. विनयच्या लग्नाच्या वेळी मी व्याह्यांना म्हटलं होतं की आमच्या मुलाला काही येत नाही. तो तेव्हा तेल कंपनीत इंजिनियर होता. कुणी लग्न मोडलं नाही.

लहान पोराच्या गालावर तीट लावतात, तशी ती चार वाक्यं. अमेरिकन माणसाला तीट म्हणजे डाग वाटला, त्याला मी काय करू?

तू रागावली आहेस हे कळलं. पण तीन आठवडे फोनवर फक्त आईशी बोलायचं आणि मी रिसीव्हर घेतला की ठेवून द्यायचा, हे पाळकीण होऊ पाहणाऱ्या बाईला शोभत नाही. थंडी असेल तिकडे. कानाला बांधत जा.

तुझा,
बाबा

२ फेब्रुवारी १९८६

चि. सुलेखास, सलाम.

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो.

काल तुझी आई कांदा चिरत होती आणि मी टेबलाशी बसून आजचा संदेश लिहीत होतो. मान वर न करता तिनं विचारलं, ‘‘अतुलच्या पत्रात काय लिहिलं होतं हो तुम्ही?’’

मी म्हटलं, आठवत नाही.

‘‘मला आठवतं,’’ ती म्हणाली. ‘‘विनयनं इथेच बसून टाइप केलं होतं.’’

एवढंच बोलून तिनं कांदा फोडणीला टाकला. त्या बाईला चाळीस वर्षं माझे उपदेश ऐकून एवढं कळलंय की वाक्य कुठे थांबवायचं. मला अजून कळलेलं नाही.

अतुल तुला माहीत आहे, ह्यूस्टनला केमिस्ट्रीत पीएचडी करणारा, आपल्या मंडळीत पेटी वाजवतो तो. त्याला एका कॉलेजात नोकरीसाठी कॅरेक्टर लेटर हवं होतं. मी दिलं. ते वेगळं आहे. ते परक्याचं पोर, आणि परक्याच्या पोराचं कौतुक करायला आपल्यात कुणाची ना नसते. त्यात आणखी काही शोधू नकोस, आणि तुझ्या आईनं फोनवर काही सांगितलं तरी तिचं ऐकू नकोस.

खरी गोष्ट बोलायची तर शास्त्राची बोलू. तू मला मागे विचारलं होतंस, ‘‘बाबा, बाईनं उपदेश केलेला तुम्हाला चालतो, मग प्रभुभोजन दिलेलं का चालत नाही? व्हॉट इज द डिफरन्स?’’ मी तेव्हा टाळलं. प्रेषितानं मंडळीतल्या स्त्रियांविषयी जे लिहून ठेवलंय ते मी पुसू शकत नाही. आता इथल्या काही चर्चमध्ये बायका भाकर मोडतात, प्याला देतात. महाराष्ट्रातही बैठकांतून हा विषय निघू लागलाय असं नगरहून कळतं. सगळं जग बदलतंय म्हणून खरं बदलतं का? मी चौसष्ट वर्षांचा आहे. मला थोडा वेळ लागला तर तो गुन्हा नव्हे.

माझी आई बायबलबाई होती, हे तू पुन्हा काढशील म्हणून आधीच लिहितो. होती. गावोगाव पायी जायची, झाडाखाली बायका जमवायची, गायची, बोलायची. मी बोलायला तिच्याकडूनच शिकलो. पण ती झाडाखाली बोलायची. रविवारी चर्चमध्ये ती खाली चटईवर बसायची आणि वर साहेब. हा फरक तुला क्षुल्लक वाटेल. मी तो बघतच मोठा झालो.

कॅरीचे लोक तुला सहायक पाळक म्हणून घ्यायला तयार आहेत, पण सप्टेंबरपर्यंत दीक्षा झाली नाही तर दुसऱ्या कुणाला बोलावतील, असं तुझ्या आईकडून कळलं. तू मला सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

इथे विनयच्या ऑफिसात माणसं कमी करतायत. त्याची पाळी आलेली नाही. प्रार्थना कर.

बाबा

२९ मार्च १९८६

सुलेखा,

काल उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, झाला. दरवर्षीप्रमाणे बारा ते तीन, क्रुसावरचे सात उद्गार, सात वक्ते. आपल्या मंडळीत सात वक्ते मिळवायचे म्हणजे पाट कमी आणि पंक्ती जास्त. आपला संडे स्कूलवाला नंदू शेलार दोनदा बोलला. पाचवा उद्गार, तहानेचा, कुणी घेईना. नंदू म्हणाला, ‘‘साहेब, तो लास्ट इयर सुलेखानं केला होता. आफ्टर दॅट कोण उभं राहणार यार?’’ मग यार म्हटल्याबद्दल माफी मागितली. तो उद्गार मी घेतला.

मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून काही निघेना. लोकांना वाटलं साहेबांना भरून आलं. मला भरून आलं नव्हतं. गेल्या वर्षीचं सगळं माझ्यासमोर उभं राहिलं होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. सगळं लिहून झालं की पाकीट लगेच बंद करणार आहे, नाहीतर फाडून टाकीन.

तू कॅरीहून सुट्टीला आली होतीस. माणूस कमी पडत होतं म्हणून मी तुला पाचवा दिला. सहावा आणि सातवा माझे, म्हणजे शेवट माझ्याकडे. हॉलमध्ये आपली चौदा कुटुंबं, शिवाय महाराष्ट्र मंडळातली पाहुणे मंडळी, सुचित्राताई आणि त्यांचे यजमान, पहिल्यांदाच आलेले. तू उभी राहिलीस आणि माझ्या आजीची गोष्ट सांगितलीस. ती पाथर्डीकडच्या गावात विहिरीपासून दहा हात लांब घागर घेऊन उभी राहायची, कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत. कधी दुपार व्हायची. काढायला हात होते, पण विहिरीला लावायचे नव्हते. आणि तू म्हणालीस की क्रुसावरच्या माणसालाही स्वतःच्या हातानं पाणी घेता येत नव्हतं, त्यालाही मागावं लागलं, आणि मागणाऱ्याचा कमीपणा त्या दिवशी देवानं स्वतःच्या अंगावर घेतला.

ही गोष्ट तुला मी सांगितली होती. तू सात वर्षांची होतीस, ताप आला होता, आणि पाणी नको म्हणत होतीस म्हणून सांगितली. पुलपिटावरून मी ती कधी काढली नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. आपण कोण, आपली माणसं गावात कुठे राहायची, हे मी झाकून ठेवलं. इथे अमेरिकेत तर आणखीच घट्ट झाकलं, कारण इथे सगळेच मराठी एकत्र जेवतात आणि आडनाव ऐकून क्षणभर थांबतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी माझी समजूत. तू ती मूठ पाहुण्यांसमोर उघडलीस.

माझ्या कानशिलांची आग झाली. मी सुचित्राताईंकडे पाहिलं नाही. आणि मग मला रडण्याचा आवाज आला. त्याच रडत होत्या. नंदू रडत होता. अतुल पेटीवर डोकं ठेवून बसला होता. तू पाच मिनिटं बोलली असशील, सात धर.

मग मी उठलो. सहावा आणि सातवा मिळून पाऊण तास बोललो. मी आयुष्यात एवढं वाईट बोललो नसेन, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. सगळे अजून तुझ्याजवळ थांबले होते. संपल्यावर दारात हात मिळवताना नंदू मला म्हणाला, ‘‘साहेब, पोरीनं बापाला मागं टाकलं की.’’ मी मोठ्यानं हसलो. असं बोललं की बापानं हसायचं असतं.

चार महिन्यांनी कॅरीचा फॉर्म आला.

सुलेखा, मी तुला जानेवारीत जे लिहिलं ते खोटं होतं. आपली रीत खरी आहे, माझ्या बापाची चिठ्ठी खरी आहे, पण मी त्या रीतीच्या आडोशाला उभा राहिलो. अतुलचं पत्र लिहिताना मी आधी असंच लिहिलं होतं, मुलगा साधा आहे, सांभाळून घ्या. विनय म्हणाला, ‘‘बाबा, असं लिहिलंत तर दे विल रिजेक्ट हिम. इथे मॉडेस्ट लिहिलं की लोक वाईट समजतात.’’ मग आम्ही ब्रिलियंट लिहिलं, आउटस्टँडिंग लिहिलं. त्याला नोकरी लागली. म्हणजे तुझ्याबद्दल लिहायला बसलो तेव्हा इथे कुठला शब्द कसा वाचला जातो हे मला पक्कं माहीत होतं. तीट कुठे लावायची हेही माहीत होतं आणि ती डाग दिसणार हेही. पत्र विनयला टाइप करायला दिलं नाही. दोन बोटांनी मी स्वतः केलं.

शास्त्र मी नंतर शोधलं. आधी मत्सर होता. पोटच्या मुलीचा.

हे लिहून मला हलकं वगैरे वाटलेलं नाही. आज शनिवार आहे, उद्या पुनरुत्थानाचा रविवार, आणि मला त्या लोकांसमोर उभं राहायचं आहे.

बाबा

२१ एप्रिल १९८६

सुलेखा,

सोबत कॅरीच्या कमिटीला पाठवलेल्या पत्राची प्रत आहे. या वेळी झेरॉक्स मी पाठवतोय. इंग्रजी माझं आहे, विनयनं फक्त टाइप केलं, आणि एका जागी तो उठून परसात गेला व बराच वेळ आला नाही. त्यात मी लिहिलंय की आधीचं पत्र जाणूनबुजून तुला थांबवण्यासाठी लिहिलं होतं, आणि ते नम्रतेच्या वेषात लिहिलं होतं. तू चांगली आहेस असं मी फारसं लिहिलेलं नाही. माझ्या तारिफेला आता किंमत नाही. तुझे विहिरीचे ते शब्द जेवढे आठवले तेवढे इंग्रजीत उतरवून दिले. ते वाचून त्यांनी ठरवावं.

कमिटीला सांगायचं आणि आपल्या लोकांना नाही, हे मला जमेना. काल दुपारी संदेशाऐवजी मी तेच सांगितलं. कोणाचं पत्र, कोणाविषयी, का लिहिलं, सगळं. समोसे तसेच राहिले. बाहेर पार्किंगमध्ये मात्र सगळे बोलत होते.

आज सकाळी ब्रदर वेन आले होते. ज्यांच्या चर्चचा हॉल आपण दुपारी तीन ते पाच वापरतो ते पाळक. फार सभ्य माणूस. चहा घेतला, आपल्या चहाचं कौतुक केलं. मग म्हणाले की बातमी त्यांच्या डीकन लोकांपर्यंत, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपर्यंत, गेली आहे. मी मुलीचा मत्सर केला याचं त्यांना काही नाही, उलट कबुली दिली हे चांगलं केलं. पण त्यांची मंडळी बायकांना पाळक मानत नाही, आणि आपल्या इमारतीत बसणारा पाळक असल्या दीक्षेची शिफारस करतो हे डीकन लोकांना पटत नाही. मी ते दुसरं पत्र मागे घेतलं तर प्रश्न मिटेल. एक जूनपर्यंत विचार करा म्हणाले.

संध्याकाळी नंदू आला. पायातले बूट न काढता खुर्चीच्या टोकावर बसला.

‘‘साहेब, हॉल गेला तर आपण कुठे जायचं? लोक पंचवीस-तीस मैल ड्राइव्ह करून येतात. यू हॅव टू थिंक प्रॅक्टिकली.’’

मी म्हटलं, ‘‘नंदू, मी एकदा प्रॅक्टिकली विचार केला. त्याचंच हे झालंय.’’

‘‘पण तुम्हाला तरी ते पटतं का? बाईनं प्रभुभोजन देणं? दिल से सांगा.’’

मी सांगितलं की माहीत नाही. तो म्हणाला, मग पत्र कशासाठी? मी म्हटलं, पहिलं पत्र खोटं होतं म्हणून. तो डोक्याला हात लावून बसला. बिचाऱ्याला तेवीस मुलांची संडे स्कूल चालवायची आहे आणि त्याच्या पुढ्यात बसलाय एक म्हातारा, ज्याला स्वतःला काय पटतं तेच कळत नाही.

तुझी आई आत होती. नंदू गेल्यावर बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. जानेवारीपासून पहिल्यांदाच.

बाबा

१८ जून १९८६

सुलेखा,

पत्र मागे घेतलं नाही. हॉल गेला. आता आम्ही शाळेच्या कॅफेटेरियात जमतो, तिथे रविवारीसुद्धा पिझ्झाचा वास येतो. चौदातली सहा कुटुंबं येतात. नंदू येतो, हे सांगायला हवं. मंडळीनं मला काढलं नाही, ‘‘साहेब, आता थोडी विश्रांती घ्या’’ म्हणाली. आपल्यात काढण्याची हीच रीत आहे, आणि मी तिच्याबद्दल तक्रार करण्याच्या जागी नाही. उपदेश आता नंदू करतो. मी पहिल्या रांगेत बसतो आणि त्याच्या चुका मोजत नाही. म्हणजे थोड्याच मोजतो.

काल दुपारी कमिटीच्या अध्यक्ष मिसेस हार्ग्रोव्ह यांचा फोन आला. हे तुला त्या सांगतील की नाही माहीत नाही, म्हणून लिहितो. त्यांचं बोलणं एवढं संथ की मला प्रत्येक शब्द कळला. म्हणाल्या, दोन्ही पत्रं वाचली, पहिल्यावर आम्ही विश्वास ठेवला ही आमची चूक, आता दुसऱ्यावर का ठेवावा? मी म्हटलं, ठेवू नका. माझी दोन्ही बाजूला ठेवा आणि तिचा उपदेश ऐका.

मग त्यांनी विचारलं, ‘‘रेव्हरंड, विल यू टेक कम्युनियन फ्रॉम हर हँड?’’

मुली, मला हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर तुझं काम झालं असतं असं वाटत होतं. रिसीव्हर हातात धरून मी उभा होतो, तुझी आई भाजी निवडायची थांबली होती. मला माझी आई दिसत होती, चटईवर बसलेली, आणि वर साहेब. मी म्हटलं, ‘‘मॅडम, आय डोन्ट नो.’’

मग त्या म्हणाल्या की तुमच्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य, ज्यावर माझा पुरता विश्वास बसला. आणि फोन ठेवला.

मी तुझं नुकसान पुन्हा केलं की काय, मला कळत नाही. खोटं बोलून एकदा केलं, आता खरं बोलून. कमिटी महिनाअखेर बसणार आहे. मी उपास धरलाय, दुपारचा. आई म्हणते, डॉक्टरांनी तसंही कमीच खायला सांगितलं होतं.

तू उत्तर देऊ नकोस. देशील अशी आशा धरून मी लिहीत नाही. लिहिलं नाही तर दिवसभर मनातल्या मनात तुझ्याशीच भांडतो, आणि जिंकतो. ते बरं नव्हे.

बाबा

१६ सप्टेंबर १९८६

सुलेखा,

परवा रविवारी मी कॅरीला होतो, हे तुला माहीत आहे. पण कसा आलो आणि का न भेटता गेलो ते माहीत नाही, म्हणून हे पत्र.

कमिटीनं तुला पास केल्याचं जुलैत आईकडून कळलं. दीक्षेची पत्रिका आली, तिच्यावर आईचं नाव होतं आणि विनयचं. माझं नव्हतं. मी ती पत्रिका फ्रिजवर लावली. मी येणार नाही, असं आम्ही ठरवलं. आई आणि विनय शुक्रवारी विमानानं निघाले. शुक्रवारी दुपारी मी विनयच्या बायकोला, दीपाला म्हटलं, मला बस स्टेशनवर सोड. तिनं पराठे बांधून दिले आणि म्हणाली, ‘‘बाबा, सूट बॅगेत ठेवू नका, सुरकुत्या पडतील. हातावर घ्या.’’ दीड दिवस मी सूट हातावर घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं विचारलं, लग्नाला चाललात का? मी हो म्हटलं.

मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो. तुझी आई पहिल्या बाकावर होती, तिनं मागे वळून पाहिलं नाही. तू पांढऱ्या झग्यात होतीस. तुझ्या गळ्यात आईची मण्यांची माळ होती.

मिसेस हार्ग्रोव्ह यांनी पुकारलं की इथे हजर असलेल्या सर्व दीक्षित पाळकांनी पुढे येऊन उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवावेत. बाराजण गेले. मी उठलो नाही. चाळीस वर्षं पाळक आहे, पण त्या डोक्यावर हात ठेवायचा हक्क मी गेल्या ऑगस्टात दोन बोटांनी टाइप करून घालवला होता. मी बाक धरून बसून राहिलो. तू गुडघे टेकलेस आणि त्या हातांखाली मला तुझे केससुद्धा दिसेनात. त्या वेळी मला फार रडू आलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

मग तू उठलीस आणि प्रभुभोजन द्यायला उभी राहिलीस. मी तिथून निघणार होतो. खरंच निघणार होतो, टोपी हातात होती. पण आमच्या बाकावरची माणसं उठून रांगेला लागली, आणि माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं मला वाट करून दिली, त्याला वाटलं मी पुढे जायला थांबलोय. मी रांगेत शिरलो. पटलं म्हणून नव्हे. शास्त्राचा माझा प्रश्न सुटलेला नाही, आजही नाही. पण पाय मागे वळेनात.

रांग सरकताना तुझा आवाज ऐकू येऊ लागला. तू प्रत्येकाला नावानं हाक मारून भाकर देत होतीस. मार्था, धिस इज द बॉडी ऑफ क्राइस्ट, गिव्हन फॉर यू. जॉर्ज, धिस इज द बॉडी ऑफ क्राइस्ट. ज्यांचं नाव तुला ठाऊक नव्हतं त्यांना तू ‘फ्रेंड’ म्हणत होतीस. मी मनात विचार केला, ही मला काय म्हणेल? नाव तर घेणार नाही, आपल्याकडची कुठली मुलगी बापाचं नाव घेते? आणि फ्रेंड म्हणाली तर तेही रास्त होतं. मी पाहुणाच होतो, बोलावणं नसलेला. फ्रेंड म्हणाली तर तेवढंच घेऊन जायचं, असं मी ठरवलं.

माझी पाळी आली. तू भाकर मोडत होतीस, मान खाली होती. मान वर केलीस आणि थांबलीस. मागे रांग थांबली. तुझा हात तसाच वर राहिला, त्यात भाकरीचा तुकडा. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी वाचू शकलो नाही. राग असेल तर तो तुझा हक्क आहे.

तू म्हणालीस, ‘‘बाबा.’’

नऊ महिन्यांत तू माझ्याशी बोललेला तो एकच शब्द. पुढचे शब्द नेहमीचे होते, इंग्रजीत, सगळ्यांना म्हटलेस तेच, आणि आवाज हलला नाही. मी ओंजळ पुढे केली. तू तुकडा ठेवलास आणि पुढच्या माणसाकडे वळलीस. ज्याची पाळी येईल त्याला हाक मारलीच पाहिजे, मी पाळक आहे, मला कळतं.

मी बाजूच्या दारानं बाहेर पडलो. जेवणाला थांबलो नाही, आईला हाक मारली नाही. तुझा दिवस होता. बाहेर पार्किंगमध्ये उन्हात उभा राहून मी ती भाकर खाल्ली, आत खायची राहिली होती. खाताना मला शास्त्र आठवलं नाही. तुझ्या हातची होती आणि मी खाल्ली, एवढंच आहे.

तू क्षमा केलीस असं मी धरून चालत नाही. एका शब्दावर तासभर उपदेश रचायची मला सवय आहे, पण या शब्दावर मी काही रचणार नाही. तू तो उच्चारलास आणि मी तो घेऊन घरी आलो.

बाबा